थांबा, भाव पडतलो

स्वस्तात पुस्तकं घ्यायची सवय लागलेल्या माणसाकडे पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं फोनमध्ये कुठेतरी गप्प पडून राहतात. किस्से मात्र जेवणाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा बाहेर येतात, आणि दर वेळी त्यांतली सूट थोडी वाढलेली असते. मागे चाळीस टक्के सुटीत घेतलेलं एक पुस्तक परवा सांगता सांगता साठ टक्क्यांवर गेलं. कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणाऱ्याचे किस्सेही तसेच फुगलेले!

आमचं मंडळ चौघांचं. मी शाम. पेडण्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोक माझ्याकडे सूट मागतात. खोकल्याच्या औषधावर मागतात, चिकटपट्टीवर मागतात, एकदा तर एकानं वजनकाट्यावर उभं राहण्याच्या दोन रुपयांवरही मागितली होती. त्या सगळ्याचा सूड मी संध्याकाळी ऑनलाइन पुस्तकवाल्यांवर उगवतो.

दुसरा वासुदादा. पार्सेला त्याची काजू-नारळाची बागायत आहे. अर्धं आयुष्य काजूबी घरात भरून ठेवून भाव चढायची वाट बघण्यात गेलं, आणि उरलेलं पुस्तकांचा भाव पडायची वाट बघण्यात चाललंय. तिसरा संभा. मूळचा कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे. आणि चौथी कुंदाताई. मये तळ्याजवळ तिची खानावळ आहे. तिचा नवरा दामू मुरगावला बार्जवर, म्हणजे मालवाहू बोटीवर असतो आणि सुटी मिळेल तसा घरी येतो.

कुंदाताई आमच्यासारखी नुसती वाचणारी नव्हती, ती लिहितही होती. दुपारची गर्दी ओसरली की गल्ल्यामागे बसून फोनवर कादंबरी टाइप करायची. बाप गेल्यावर त्याचा खनिजाचा ट्रक स्वतः चालवायला घेणाऱ्या मुलीची गोष्ट. कोणी छापलं नाही तर ई-बुक काढायचं, असं तिनं ठरवलं होतं. आम्हाला बजावून ठेवलं होतं, "फुकट कोणाक देवचंय नाय. आणि तुमी तिघांनी घेवन वाचल्याशिवाय माझा पुस्तक झाला, असा मी मानूची नाय."

यावर दामू एवढंच म्हणाला होता, "ह्यां तिघांनी? कुंदा, लिहिलेल्या किमतीत ह्यांनी आजवर काय घेतलानी ता सांग."

आम्ही तेव्हा हसलो होतो.

* * *

मंडळ सुरू झालं ते तिच्याच खानावळीत. मी घरच्यांना तळं दाखवायला घेऊन गेलो होतो. जेवायला बसलो तर शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ डाव्या हातात फोन धरून वाचत होते. अक्षरं एवढी मोठी की मला माझ्या जागेवरून दिसत होती. मी तीच रहस्यकथा त्या आठवड्यात घेतली होती.

"कितीक घेतलात?" मी विचारलं. औषधाच्या दुकानात बसून माणसाला लाज उरत नाही.

"साठ," ते म्हणाले. हा वासुदादा. नारळ पोचवायला आला होता आणि पैशांऐवजी जेवून वसूल करत होता.

मी एकशे ऐंशी दिले होते. माझ्या हातातला घास तसाच राहिला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "मी एकशे चाळीसला घेतलं की ओ!" हा संभा, सुटीच्या दिवशी मासे खायला आलेला. आणि गल्ल्यावरून कुंदाताई म्हणाली, "नव्याण्णव."

एक पुस्तक, चार माणसं, चार दुकानं, चार भाव. बायको म्हणाली, पुस्तक कसं आहे ते कोणीच बोलत नाही. ते खरं होतं. आम्ही फोन टेबलावर मांडले आणि कुठल्या दुकानात कधी सूट येते, कुठे पहिल्या खरेदीला कूपन मिळतं, कुठे करानंतर भाव फुगतो, हे एकमेकांना सांगत बसलो. पोरं तळ्यावर जायचं म्हणून रडायला लागली. तळं त्या दिवशी राहूनच गेलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तिथेच जमायचं ठरलं. नियम एकच, आणि तो वासुदादाचा. पुस्तक आवडलं की घ्यायचं नाही. आवडीच्या यादीत टाकायचं, तिन्ही-चारही दुकानांवर नजर ठेवायची आणि थांबायचं. "थांबा, भाव पडतलो," हे त्याचं वाक्य.

* * *

थांबण्यात वासुदादाचा हात धरणारा कोणी नाही.

एकदाची गोष्ट. तो दुकानाच्या ऑनलाइन टोपलीत चार पुस्तकं टाकतो. पत्ता भरतो. पैसे भरायच्या पानापर्यंत जातो. आणि तिथे पोचल्यावर फोन टेबलावर पालथा घालतो.

"आता तेका कळूक व्हया, गिराईक उठान गेला म्हणान," तो म्हणाला.

आम्ही त्याला समजावलं की पलीकडे माणूसच नाही. काजूच्या व्यापाऱ्यासारखं कोणी पायरीवर येऊन हाका मारणार नाही. तो नुसता मान हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मेल आली, तुमच्या टोपलीत काहीतरी राहिलंय. त्यानं पाहिलं आणि नारळ सोलायला गेला. मग आली दहा टक्क्यांची मेल. तीही त्यानं नुसती वाचली. मग पंचवीस टक्के.

"घ्या की आता, वासुभाऊ," संभा म्हणाला. त्याचा जीव खालीवर होत होता.

"नको. तेच्या आवाजात अजून दम आसा."

शेवटी चाळीस टक्के आले, वर "फक्त तुमच्यासाठी" असं लिहिलेलं. मग त्यानं चष्मा पुसला, पैसे भरले, आणि त्या मेलला स्वतःच्या हातानं उत्तर टाइप केलं. 'आपला माल घेतला आहे. पुढील वेळी पहिल्याच भेटीत योग्य भाव सांगावा.'

क्षणात उलट मेल आली की या पत्त्यावर आलेल्या मेलना उत्तर दिलं जात नाही.

वासुदादानं ती आम्हा सगळ्यांना दाखवली. "बघ. लाजलो तो."

* * *

एकदा एका दुकानानं भर दुपारी दोन तासांची योजना काढली. संभाला पुस्तकांची एक जोडी हवी होती, पण पाळीवर असताना त्यांचे फोन गेटवर जमा असतात. म्हणून त्यानं सकाळीच मला त्याच्या खात्यात शिरायची मुभा देऊन ठेवली होती.

नेमकी त्याच वेळी माझ्या दुकानात गर्दी. एका हातानं गोळ्या मोजतोय, दुसऱ्या हातानं पुस्तकं शोधतोय, आणि कुंदाताईचा फोन आला. तिलाही घ्यायचं होतं. नक्की काय योजना आहे, असं तिनं विचारलं. खानावळीत आवाज असतो म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, "एकावर एक फुकट! चारच्या आत घ्यायचं!"

फोन ठेवला. समोर बामची बाटली घेऊन एक आजी उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

"बाबू, माझी दुसरी खंय?"

मी सांगितलं की ते पुस्तकांचं होतं.

"पुस्तकां? औषधांच्या दुकानात?" त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "ह्यान आताच सांगितला मा, एकावर एक?"

रांगेनं एकमुखानं हो म्हटलं. त्यात माझा शेजारी होता, माझ्या मुलाचे मास्तर होते, आणि उद्याही याच बाजारात दुकान उघडायचं होतं. मी दुसरी बाटली दिली. आजींनी ती उजेडात धरून मुदत तपासली, मग पिशवीत टाकली.

संभाची दोन्ही पुस्तकं मिळाली. बामची बाटली त्या सुटीपेक्षा महाग पडली हे मी त्याला सांगितलं नाही. पण एवढं मात्र मंडळात सगळ्यांनी मान्य केलं, की त्या आजींना फोन वापरता आला असता तर वासुदादाची गादी गेली असती.

* * *

वासुदादानं एकदा दहा पुस्तकांचं गाठोडं चाळीस रुपयांत घेतलं. त्याला त्यातलं एकच हवं होतं. बाकीची नऊ दुकानदारानं कोपऱ्यातली धूळ झटकावी तशी भरलेली. केस गळू नयेत म्हणून काय करावं, दहा दिवसांत गिटार शिका, आणि एक मधमाश्या पाळण्यावरचं.

आम्ही यथेच्छ हसलो. संभा तर म्हणाला, "वासुभाऊ, गिटार कधी ऐकवताय?"

वासुदादाला हसलेलं लागत नाही, पण पैसे दिलेली वस्तू वाया गेलेली लागते. त्यानं नऊच्या नऊ वाचून काढली. केसांचं पुस्तक त्याला पटलं नाही, कारण त्यातलं लावायला केसच शिल्लक नव्हते. मधमाश्यांचं मात्र दोनदा वाचलं. मग काजूच्या बागेत पेट्या ठेवल्या. सुरुवातीला त्याचं तोंड सुजलं, मी त्याला मलम दिलं, आणि त्यावर त्यानं माझ्याकडे सूट मागितली.

पुढच्या वर्षी मध निघाला. असा मध मी आजवर खाल्ला नव्हता. काजू तर नेहमीपेक्षा जास्त धरला होताच. चाळीस रुपयांच्या गाठोड्यानं त्याची बाग फुलवली, आणि हसणारे आम्ही तिघे बरण्या घेऊन त्याच्या अंगणात उभे राहिलो.

"आम्हाला काहीतरी कमी कर," मी म्हणालो. "मंडळातले आहोत."

वासुदादानं बरणीचं झाकण घट्ट केलं. "मधार सूट नाय."

* * *

आता हरल्याचाही एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

संभानं एक जाड ऐतिहासिक कादंबरी दोनशेला घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी ती एकशे नव्वद झाली. दहा रुपये! रात्रभर त्याला झोप आली नाही असं तो म्हणतो, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. सकाळी त्यानं ग्राहक सेवेला फोन लावला. एका मुलीनं उचलला.

"ताई, काल घेतलं न् आज भाव उतरला. ह्याला काय म्हणायचं?"

"सर, तुम्ही पुस्तक उघडलंय का?"

"न्हाई. भाव बघूनच मन उडालं."

"मग परत करा, सर. पैसे लगेच मिळतील. आणि नव्या भावात पुन्हा घ्या."

संभाला ती मुलगी देवासारखी वाटली. त्यानं पुस्तक परत केलं. पैसे आले. त्यानं चहा केला, चहा प्यायला, विजयी मुद्रेनं पुन्हा दुकान उघडलं. कादंबरी दोनशे साठ!

रविवारी तो जेवला नाही. म्हणजे जेवला, पण दुसऱ्यांदा भात मागितला नाही, तेव्हा आम्ही समजलो. "पडलेला भाव एक वेळ सोसतो मी," तो म्हणाला. "पण वाढताना बघवत न्हाई ओ. आत काहीतरी तुटतंय."

वासुदादासकट आम्ही सगळे गंभीर झालो. पुस्तकाचाही भाव वाढतो ही कल्पनाच आमच्या मंडळाला नवी होती. कुंदाताई पाण्याचे तांबे भरत होती. ती आमच्याकडे बराच वेळ बघत होती, हे मला आठवतं.

* * *

आणि मग तिचं पुस्तक आलं.

एका सकाळी तिनं आमच्या गटावर लिंक टाकली. मुखपृष्ठावर लाल ट्रक, तिच्या भाचीनं काढलेला. किंमत एकशे एकोणपन्नास. संभानं लिहिलं, "लई भारी, ताई." मी फुलं पाठवली, हात जोडले, टाळ्या वाजवल्या. हे सगळं फुकट असतं.

मग आम्ही सवयीनं बाकीची दुकानं उघडली. सगळीकडे एकशे एकोणपन्नास. असं कधीच झालं नव्हतं. आणि त्याच गटावर, जिथे कुंदाताई स्वतः आहे, तिथे वासुदादानं लिहिलं, "सगळीकडे एकच भाव. म्हणजे पडतलो. थांबा."

आम्ही थांबलो. तिघांनीही तिचं पुस्तक आवडीच्या यादीत टाकलं. आमच्या मंडळात यापेक्षा मोठा मान नाही!

रविवारी गेलो तर कुंदाताई बोलेना. ताटं ठेवली ती आवाज करत. संभानं तांबडी भाजी मागितली, तर "संपली" म्हणाली, आणि भाजी मागे पातेल्यात दिसत होती.

शेवटी हात पुसून ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "आठवडो झालो. एक खपला."

"दामूभावजींनी घेतलं असणार," संभा म्हणाला.

"दामूक विचारलंय. तेका ता ॲप उघडूकच येना नाय. माझ्या मावशीकडे बटणांचो फोन. कोणतरी वाट चुकान इलो असतलो."

तिनं फडक्यानं स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं.

"मी तुमच्यासाठी लिहिलंय असा म्हणाचंय नाय," ती म्हणाली. "पण लिहिताना डोळ्यांसमोर तुमीच तिघे होतास. ह्या वाक्याक शाम हसतलो, हंय संभाच्या डोळ्यांत पाणी येतला, हंय वासुदादा वाद घालतलो. असा करत लिहिलंय."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी खिशातून फोन काढला. संभानंही काढला. वासुदादा ताटाकडे बघत बसला होता.

"ठेवा ते फोन," कुंदाताई म्हणाली. "कीव म्हणान घेतलेला माका नको." आणि आत निघून गेली.

आता हे प्रकरण संपलं, असं मला वाटलं.

* * *

दोन दिवसांनी सकाळी दुकान उघडून फोन पाहिला, तर तिचं पुस्तक एकशे एकोणसाठ.

दुसऱ्या दिवशी एकशे एकोणसत्तर.

संभाचा फोन आला. पाळीवर जायच्या आधी, गेटबाहेरून. "शामभाऊ, ताईंचा दर चुकून वाढतोय. त्यांना सांगा कोणीतरी."

मी फोन लावला. "कुंदाताई, किमतीत काहीतरी चूक होतेय."

"चूक नाय. मीच वाढयतंय."

"का?"

"बांगडो सांजेक स्वस्त होता, कारण तो कुजता," ती म्हणाली. "माझा पुस्तक कुजाचा नाय. उद्या आणखी वाढतला. परवा आणखी."

मी लगेच संभाला फोन लावून ते शब्दाला शब्द सांगितलं. मग तो म्हणाला, "थांबा जरा, धरा फोन." गेटवरचा रखवालदार फोन जमा करायला ओरडत होता, ते मला ऐकू येत होतं. "घेतलं!" संभा म्हणाला. "एकशे एकोणसत्तरला घेतलं, शामभाऊ. उद्याच्यापेक्षा दहानं स्वस्त!" एवढा आनंद त्याला साठ टक्के सुटीतही झालेला मी पाहिला नव्हता.

मी दुपारपर्यंत दम धरला. सरळ सांगतो, मग मला वाढीव भाव दिसायला लागले. एकशे नव्वद, दोनशे, अडीचशे. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी पुस्तक घेतलं. लिहिलेल्या किमतीला घेतलेलं ते माझं पहिलं पुस्तक. संध्याकाळी दुकानातच वाचायला लागलो, आणि पहिल्या प्रकरणात मुलगी घाटात ट्रक बंद पडल्यावर ज्या शिव्या देते, तिथे एवढा हसलो की बाहेरून जाणारे थांबले.

पुढचे दिवस काही विचारू नका. "उद्या वाढणार आहे," हे वाक्य पेडण्यापासून डिचोलीपर्यंत फिरलं. संभाच्या पॅकिंग खात्यात ज्यांनी पगाराच्या चिठ्ठीपलीकडे काही वाचलं नव्हतं, त्यांनीही घेतलं. मी गोळ्यांबरोबर पुस्तकाचं नाव सांगायचो. मुलाचे मास्तर घेऊन गेले, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांनी आणखी घ्यायला लावली. मुरगावला दामूनं बार्जवरच्या एका पोराकडून ॲप उघडायला शिकून घेतलं, दोनशेला एक कमी असताना घेतलं, आणि मग बार्जवरच्या सगळ्यांना घ्यायला लावलं. बायकोचं पुस्तक स्वतः मात्र दोनशेच्या आत पटकावलं, हे तो अजून छाती फुगवून सांगतो.

कुंदाताई रोज सकाळी किती खपली ते गटावर टाकायची. खाली एक ओळ, "उद्या वाढतला."

आणि त्याखाली रोज वासुदादा. "इतको चढलो म्हणजे धाडकन पडतलो. थांबा."

आता कोणी थांबत नव्हतं. संभानं चिडून लिहिलं, "वासुभाऊ, सगळ्या गावानं घेतलं. तुमचं काय?"

"माका घाई नाय," वासुदादा.

खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला. काटकसर आम्हीही करतो. पण कुंदाताई त्याच्या धाकट्या बहिणीसारखी. तिच्याकडे वर्षानुवर्षं नारळ घालतो, तिच्या हातचं खातो. मी तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "जावंदे. सगळ्यांनी घेतलानी, तो एकटो रवलो, तर रवांदे." पण म्हणताना तिचा आवाज खाली गेला होता. तिघांनी वाचल्याशिवाय पुस्तक झालं असं मानणार नाही, हे तिचं बोलणं मी विसरलो नव्हतो, आणि तीही विसरली नव्हती.

* * *

दोनशे एकोणतीसला तिनं भाव थांबवला आणि त्या रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवूनच बोलावलं. दामू घरी होता. इसवणाचं हुमण म्हणजे माशाची आमटी, तळलेल्या तुकड्या, सोलकढी. खानावळीत बाकी गिऱ्हाइकं नव्हती. बाहेर "आज बंद" अशी पाटी तिनं स्वतः लावली होती.

वासुदादाही आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला आणि खाली मान घालून जेवायला लागला.

बोलणं अर्थातच पुस्तकावर. आमचं वाचन कुठवर आलं ते आधी सांगून झालं, म्हणजे कोणी कोणाचा पुढचा भाग फोडू नये. मी निम्म्यावर होतो. संभा माझ्या थोडा पुढे. दामूला रजा कमी मिळते, तो पाचव्या प्रकरणावर होता.

"मला वाटतं तिनं त्या मेकॅनिकशी लग्न करावं," मी म्हणालो. "माणूस चांगला आहे. स्वतःच्या पैशानं टायर आणतो."

"लग्नाचं ऱ्हाऊ द्या ओ," संभा म्हणाला. "आधी तो ट्रक काढून टाकावा. रोज एक पार्ट मोडतोय. किती दिवस ओढायचं? विकून मोकळी व्हावी."

कुंदाताई वाढता वाढता ऐकत होती. चेहरा असा फुललेला की मला उगाच तिकडे बघवेना.

"वासुभाऊ, तुम्ही पण घ्या आता," संभा चिडवायला लागला. "दोनशे एकोणतीस म्हणजे जास्त न्हाई. न्हाईतर उद्या सोन्याच्या भावानं घ्यावं लागंल. मग आमच्यात बसून बोलता तरी येईल."

वासुदादानं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"बोलाचा काय तेच्यात?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "तू म्हणतंस ट्रक विकूचो. विकता ताच तिचा चुकला. शेवटाक तिना तो ट्रक विकूक नको होतो. बापाशीचो ट्रक तो. आणि विकलो तर विकलो, त्या माणसाच्या हातात चावी देताना एक शब्द बोलाक नको? ती तशीच चलाक लागता. मागे वळान बघणापण नाय. माका ता पटला नाय. तीन दिवस माझ्या डोक्यात तीच चावी होती."

दामूचा हात तोंडापाशी थांबला.

"म्हणजे," संभा म्हणाला, "ट्रक विकती व्हय ती?"

मला माहीत नव्हतं. दामूलाही नव्हतं. आम्ही तिघांनी कुंदाताईकडे पाहिलं. ती डाव हातात धरून उभी होती.

"वासुदादा," ती म्हणाली, "फुकटच्या सॅम्पलात दोनच प्रकरणां आसत."

वासुदादानं ताटातलं एक शीत बोटानं कडेला सारलं.

"पयल्या आठवड्यात खपलेला ता एक. तुमीच घेतलात?"

वासुदादानं ताट तिच्याकडे सरकवलं.

"हुमण घाल गो," तो म्हणाला. "भात कोरडो लागता."